खारी हवा आणि मोटारीचा उंची-संवेदक

रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यातील दिवेआगर हे गाव अभ्यासकांना शके ९८२ च्या मराठी ताम्रपटामुळे आणि भाविकांना १९९७ साली सापडलेल्या सुवर्णगणेशामुळे परिचित आहे. अलीकडे मात्र तेथे समुद्रकिनाऱ्यासाठी येणाऱ्या पर्यटकांचाच भरणा अधिक. माणगाव-म्हसळा मार्गाने किंवा आगरदांडा येथे फेरीबोटीत मोटार चढवून दिघीमार्गे ही मंडळी येतात. त्यांच्या वाहनांत पोलादी स्प्रिंगऐवजी हवेच्या उशीवर बसणारी एखादी किमती मोटारही असते. नारळी-पोफळीच्या वाडीत रात्रभर उभी केलेली अशी मोटार सकाळी एका अंगाला कललेली आढळली, म्हणजे मालकाची तारांबळ उडते आणि स्थानिक मिस्त्रीही बुचकळ्यात पडतो. हा दोष कसा ओळखावा व कसा दूर करावा, याची माहिती येथे दिली आहे.

हवेच्या उशीचे तत्त्व फारसे गहन नाही. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस. टी. धावली, तेव्हापासून आपला बहुतेक प्रवास पोलादी पाट्यांच्या कमानींवर झाला. ओझे वाढले की कमान दबते, ओझे उतरले की ती वर येते. हवेच्या उशीत पोलादाचे काम जाड रबरी फुग्यातील दाबाखालची हवा करते. प्रवासी वाढले तर कॉम्प्रेसर आणखी हवा पुरवितो, उतरले तर जादा हवा सोडली जाते आणि गाडीची उंची होती तेवढीच राहते. मुंबई-पुणे मार्गावरील ‘शिवनेरी’च्या व्होल्व्हो गाडीतून गेलेल्यांनी हे सुख अनुभवले आहे.

हवा किती भरावयाची हे ठरविण्यासाठी गाडीची उंची सतत कळत राहावी लागते. अनेक बसगाड्यांत हे काम दांडीने उघडझाप होणारा लेव्हलिंग व्हॉल्व्हच करतो. विजेवर नियंत्रित होणाऱ्या रचनेत त्या जागी उंची-संवेदक, म्हणजे गॅरेजच्या भाषेतील हाइट सेन्सर असतो. चेसिसला बसविलेली एक लहानशी डबी, तिच्या बाहेर एक हात, आणि त्या हातापासून चाकाच्या आसापर्यंत गेलेली बारीक जोडदांडी, एवढाच त्याचा पसारा. चाक वरखाली झाले की हात फिरतो आणि त्या कोनाचा विद्युत्-संकेत नियंत्रक पेटीकडे जातो. पेटीला स्वतःला काही दिसत नाही. संवेदक सांगेल ते ती खरे मानते. त्यामुळे संवेदकाने खोटी उंची कळविली, तर सरळ उभी असलेली गाडीही ती तिरकी करून ठेवते.

हा संवेदक चाकाच्या अगदी जवळ असल्याने चिखल, पाणी व वाळू यांचा पहिला मारा त्याच्यावरच होतो. कोकण किनाऱ्यावर त्यात मिठाची भर पडते. खाऱ्या ओलाव्याने जोडणीतील तांब्याच्या टोकांवर हिरवा थर चढतो आणि जोडदांडीच्या टोकाचा गोलसांधा गंजून आवळतो. आवळलेला सांधा न वळता शेवटी मोडतो. ओल्या पुळणीवर मोटार हाकण्याची हौस याच कारणाने महाग पडते. घरी परतताच गाडीचा तळ गोड्या पाण्याने धुणे हा स्वस्त उपाय आहे; फक्त पाण्याचा जोराचा फवारा थेट विजेच्या जोडणीवर मारू नये.

निदान करताना पहिली शंका संवेदकाची नव्हे, तर हवागळतीची घ्यावी. इंजिन बंद असता गाडी रात्रीतून हळूहळू बसली आणि इंजिन सुरू करताच थोड्या वेळात पुन्हा सरळ झाली, तर हवा कोठे तरी गळत आहे. फुगे, नळ्या व त्यांचे सांधे यांवर साबणाचे पाणी लावल्यास बुडबुडे जागा दाखवितात. याउलट इंजिन सुरू असूनही एखादा कोपरा खाली किंवा वर अडकून राहिला, अथवा दिशा न बदलता दिव्यांचा झोत भलतीकडे जाऊ लागला, तर संवेदकाकडे वळावे. पुष्कळ मोटारींत दिव्यांचा कल याच संकेतावरून साधला जातो. रात्रीच्या घाटात ही गोष्ट क्षुल्लक नाही.

यापुढील तपासणी गाडीखाली जाऊन करावयाची असल्याने येथे एक धोका स्पष्ट सांगितला पाहिजे. हवेच्या उशीवरील गाडी केव्हाही, कोणतीही सूचना न देता खाली बसू शकते. केवळ जॅकच्या भरवशावर तिच्याखाली जाणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. सपाट व टणक जागी गाडी उभी करून चाकांना ठोकळे लावावेत, निर्मात्याच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे हवेची यंत्रणा बंद अथवा जॅक-स्थितीत ठेवावी आणि चेसिसखाली भक्कम घोड्या लावून मगच आत शिरावे. वाडीतली भुसभुशीत जमीन या कामाला उपयोगाची नाही. घोडी तिच्यात रुतते.

आत गेल्यावर प्रथम डोळ्यांनीच पाहावे. जोडदांडी निखळली आहे काय, हात वाकला आहे काय, तार कोठे घासली आहे काय? संवेदक निर्दोष असून केवळ दांडी मोडलेली असणे ही मुळीच दुर्मीळ गोष्ट नव्हे. मात्र पुष्कळदा दांडीऐवजी महागडा संवेदकच बदलला जातो. सारे जागेवर असेल तर मल्टिमीटर घ्यावा. अनेक मोटारींच्या संवेदकाला पाच व्होल्टचा पुरवठा असतो. तो जोडणीपर्यंत पोचतच नसेल, तर दोष वायरिंगमध्ये किंवा नियंत्रक पेटीकडे शोधावा. पुरवठा ठीक असल्यास दांडी सोडवून हात सावकाश फिरवावा. संकेताचा व्होल्ट-आकडा सलग चढला-उतरला पाहिजे. मध्येच तो उडी घेत असेल किंवा जागचा हलत नसेल, तर संवेदक निकामी झाला असे समजावे. या वेळी इंजिन सुरू नसावे, कारण हाताची हालचाल खरी मानून पेटी हवा सोडू शकते. काही संवेदकांचा संकेत स्पंदांच्या स्वरूपाचा असतो. तेथे साधा मल्टिमीटर पुरत नाही, स्कॅनर जोडावा लागतो.

बदलण्याची क्रिया त्या मानाने सोपी आहे. चावी बंद करून जोडणी काढावी, दोन-तीन बोल्ट सोडवावेत आणि त्याच क्रमांकाचा नवा भाग बसवावा. डाव्या व उजव्या बाजूचे संवेदक दिसायला सारखे असले तरी पुष्कळदा वेगळे असतात. दांडीची लांबी कमीजास्त करून उंची साधण्याचा मोह मात्र टाळावा.

खरे काम यानंतरचे, आणि नेमके तेच बहुधा राहून जाते. नव्या संवेदकाचा शून्यबिंदू जुन्यासारखा नसतो. म्हणून प्रत्येक चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर टेपने मोजून, ते स्कॅनरद्वारा पेटीला कळवावे लागते. मोजणी उताराच्या जागी केली तर तो उतारच पेटीच्या स्मरणात बसतो आणि नवा भाग असूनही गाडी वाकडीच चालते.

दिवेआगरला असा स्कॅनर अथवा सुटा भाग हाताशी नसेल, तर निदान करून थांबणेच बरे. गाडी थोडी कलली असली, पण पूर्ण वळवूनही चाक मडगार्डला घासत नसले, तर सावकाश माणगाव गाठता येईल. परतीसाठी फेरीबोटीचा मार्ग मात्र धरू नये. ओहोटीच्या वेळी धक्क्याचा उतार तीव्र होतो व बसलेल्या गाडीचा तळ त्यावर आपटतो. टायर घासत असेल किंवा फुगा पूर्ण बसला असेल, तर दोरीने ओढून न नेता सपाट तळाच्या वाहनावर चढवूनच गाडी न्यावी.