नोकरीतून पुन्हा शिक्षणाकडे : एक हिशेब

चालू नोकरी सोडून परदेशी उच्च शिक्षणास जावे काय? आमच्या दादापुढे आज हाच प्रश्न आहे. शुल्काबरोबर बुडणारा पगारही खर्चात धरावा लागतो. अर्थशास्त्रात त्याला 'संधी-खर्च' म्हणतात.

शिष्यवृत्ती संपल्याने १९१७ साली डॉ. आंबेडकरांचा लंडनमधील अभ्यास अर्धवट राहिला. पुढे ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात दरमहा ४५० रुपयांवर प्राध्यापक झाले. १९२० साली ते पद सोडून, शिल्लक, शाहू महाराजांचे साहाय्य व मित्राचे कर्ज यांच्या बळावर ते लंडनला परतले. त्या पगाराने तीन वर्षांचा संधी-खर्च १६,२०० रुपये! १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधास डी.एस्सी. मिळाली.

काय शिकायचे, हे त्यांना पक्के ठाऊक होते. तसे असेल तर बुडालेला पगार भांडवली खर्च समजावा. नसेल तर तो निव्वळ तोटा. दादानेही प्रथम हेच ठरवावे, असे मला वाटते.