जुने कर्ज आणि वसुलीची मुदत

कर्जवसुलीच्या दाव्यास कायद्याने मुदत घालून दिली की ऋणकोचे हित आपोआप साधते, असा समज आढळतो. अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्याचा अनुभव निराळा आहे.

१८५९ च्या मुदत कायद्याने नोंदणी नसलेल्या कर्जखतावरील दाव्यास तीन वर्षांची मर्यादा घातली. व्याज साचत राहू नये, हा हेतू होता. सावकारांनी त्यावर सोपा तोडगा काढला. मुदत संपत आली की मुद्दल व व्याज एकत्र करून कुळाकडून नवे खत लिहून घ्यावयाचे. दरसाल दरशेकडा २४ चा दर धरल्यास शंभर रुपयांचे तीन वर्षांनी १७२, सहा वर्षांनी २९६ आणि नऊ वर्षांनी सुमारे ५०९ रुपये होतात. खत न बदलता सरळ व्याजाने हाच आकडा ३१६ राहिला असता. निरक्षर कुळ खतावर निशाणी करून मोकळे होई.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे (पारनेरचे सुपे नव्हे) येथे दंगा उसळला व पारनेर, श्रीगोंदा, नगर, कर्जत या तालुक्यांत पसरला. जमावाचा रोख खतांवर होता; ती हाती लागताच जाळण्यात येत. चौकशी आयोगानंतर १८७९ मध्ये आलेल्या डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्टने मुदत उलट वाढविली. नोंदलेल्या खतास बारा वर्षे व इतरांस सहा वर्षे मिळाली. खतामागील मूळ देणे तपासण्याचा अधिकारही न्यायालयास मिळाला. खरी मोलाची तरतूद हीच होय.

आज १९६३ चा मुदत अधिनियम लागू आहे. साध्या उसनवारीस तीन वर्षे, स्थावराच्या गहाणावरील रकमेस बारा वर्षे. मुदतबाह्य दावा, प्रतिवादीने हरकत घेतली नाही तरी, न्यायालयाने फेटाळावयाचा असतो. मात्र मुदतीत ऋणकोने देणे सहीनिशी मान्य केले, अथवा काही रक्कम भरून तशी लेखी नोंद केली, तर तेथून नवी मुदत सुरू होते. मुदत संपल्यावर दिलेले लेखी वचनदेखील करार अधिनियमाच्या कलम २५ अन्वये बंधनकारक ठरू शकते. म्हणून वसुलीस आलेल्याच्या कागदावर सही करण्यापूर्वी मूळ व्यवहाराची तारीख पाहणे अगत्याचे आहे.

सहकारी संस्थांची गोष्ट वेगळी. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ९२ प्रमाणे सभासदाकडील येण्याची मुदत त्याच्या मृत्यूपासून किंवा सभासदत्व संपल्यापासून मोजली जाते. त्यामुळे विकास सोसायटीच्या जुन्या बाकीस ‘तीन वर्षे उलटली’ हे उत्तर लागू पडत नाही.