विहीर आणि समुद्र

राजुरी हे जुन्नर तालुक्यातील गाव. या भागातील मुले पाठीला भोपळा किंवा रिकामा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकतात. विहिरीत पोहता आले, म्हणजे समुद्रातही पोहता येईल काय?

मालवणजवळ कुरटे बेटावर सिंधुदुर्ग किल्ला आहे. शिवाजी महाराजांनी १६६४ साली त्याचे बांधकाम सुरू केले. बेटाला उर्दूत ‘जझीरा’ म्हणतात. त्यावरूनच मराठीत ‘जंजिरा’ शब्द आला. चहूकडे खारे पाणी असूनही या बेटावर गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत.

सुट्टीत पर्यटक होडीने किल्ला पाहायला जातात. काहीजण डोळ्यांना चष्मा व तोंडाला नळी लावून पाण्याखालचे मासे आणि प्रवाळ पाहतात. प्रवाळ दगडासारखे दिसते, पण ते लहान लहान जिवांनी तयार केलेले असते. त्यावर पाय देऊ नये.

विहिरीचे पाणी स्थिर असते. समुद्राला मात्र भरती-ओहोटी असते. तेथील प्रवाह पट्टीच्या पोहणाऱ्यालाही आत ओढून नेतो. अशा वेळी प्रवाहाविरुद्ध झगडू नये. किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाबाहेर पडावे. जीवरक्षक जाकीट घालण्यात लाज कसली? भोपळा करतो तेच काम जाकीट करते. दोन्ही आपल्याला तरंगत ठेवतात. समुद्र खवळलेला असेल, तर खलाशाचे ऐकावे आणि किनाऱ्यावरच थांबावे.

शब्दार्थ : प्रवाळ – मरजान, भरती-ओहोटी – मद्द-ओ-जझर.

प्रश्न : विहिरीचे पाणी आणि समुद्राचे पाणी यांत कोणता फरक आहे?