सूर्यनमस्कार : औंधच्या राजांनी घालून दिलेला धडा

पुण्या-मुंबईत ‘पिलाटेस’ नावाच्या व्यायामाचे वर्ग चालतात. ‘सांगलीत राहून आम्ही काय करावे?’ असे कंबरदुखीचे रुग्ण मला विचारतात. त्यांच्यासाठी हा थोडा इतिहास.

जोसेफ पिलाटेस यांचा जन्म १८८३ साली जर्मनीत झाला. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी त्यांना स्थानबद्ध केले. पुढे १९२६ च्या सुमारास ते न्यूयॉर्कला गेले आणि तेथे त्यांनी आपली पद्धत शिकवली. श्वास, पाठीचा कणा व पोटाचे स्नायू यांवर ताबा, हे तिचे सूत्र. गंमत अशी, की त्याच काळात याच गोष्टींना महत्त्व देणारा एक व्यायाम आपल्या शेजारी शाळाशाळांतून रुजत होता.

औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८-१९५१) यांना तरुणपणी युजेन सँडो या पहिलवानाच्या पद्धतीचे वेड होते. त्याची साधने आणून त्यांनी कित्येक वर्षे व्यायाम केला. पुढे १९०८ च्या सुमारास मिरजेच्या संस्थानिकांच्या आग्रहावरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि जन्मभर त्यांचेच झाले. नमस्कार घालण्याची रीत महाराष्ट्रात होतीच. बाळासाहेबांनी तिला दहा स्थितींचा नेमका क्रम, श्वासाची शिस्त व बीजमंत्र यांची जोड देऊन ती लोकांपुढे मांडली. संस्थानातील शाळांत त्यांनी नमस्कार सक्तीचे केले. आज सांगली जिल्ह्यात असलेली आटपाडी आणि कुंडल ही गावे तेव्हा औंध संस्थानातच होती. स्त्रियांनीही नमस्कार घालावेत, असा त्यांचा आग्रह असे. १९३८ साली या पद्धतीवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध झाले.

विकत आणलेली साधने बाजूला ठेवून राजाने सतरंजीएवढ्या जागेत होणारा व्यायाम निवडला, यातच आपल्यासाठी धडा आहे. पुढे वाकताना पाठ व मांड्यांचे मागचे स्नायू ताणले जातात, मागे वाकताना छाती व पोट मोकळे होते, हातांवर भार येताना दंड आणि खांदे काम करतात. एका नमस्कारात जवळजवळ सर्वांगाला चालना मिळते.

मात्र नमस्कार म्हणजे सर्व रोगांवरचे औषध नव्हे. आटोक्यात नसलेला रक्तदाब, हृदयविकार, हर्निया, मणक्याची गादी सरकणे, गर्भारपण किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवात करू नये. कंबर दुखत असेल तर आधी तपासणी करून घ्यावी आणि जाणकाराकडून शिकावे. इतरांनी सकाळी रिकाम्या पोटी तीन नमस्कारांपासून आरंभ करावा आणि दर आठवड्याला एक-दोन वाढवावेत. दम लागला की थांबावे. संख्येची चढाओढ नको. एके दिवशी पन्नास घालून आठवडाभर अंथरूण धरण्यापेक्षा रोजचे पाच बरे. नेम मोडू नये, एवढे मात्र पाहावे.