जुन्या गाडीला जाड ऑइल?

प्रश्न : माझी १९९८ची मारुती ८०० ऑइल खाते. मेकॅनिक म्हणतो, २०डब्ल्यू-५० घाला. घालू का? – एक वाचक, सातारा

उत्तर : आधी धूर बघा. सकाळी स्टार्टर मारताच निळा भपका येऊन थांबत असेल, तर व्हॉल्व्हची सीलं कडक झाली असणार. ती बदला, जाड ऑइलने ती सुधारत नाहीत. चढावर रेस देताना सतत निळा धूर येत असेल, तर बहुधा रिंगा झिजल्यात. इंजिन उघडेपर्यंत ५०चं ऑइल चालेल, खप थोडा कमी होईल. धूरच नसेल, तर मॅन्युअलमधलीच ग्रेड ठेवा. डब्ल्यूआधीचा आकडा थंडीतला, साताऱ्यात तो फारसा नडत नाही. नंतरचा तापलेल्या इंजिनातल्या जाडीचा. आणि हो, रात्री गाडीखाली पुठ्ठा टाका. डाग पडला, तर आधी टॅपेट कव्हरचं पॅकिंग तपासा.