लसाविची गणितं: आधी नजर, मग पेन

शिष्यवृत्तीला बसतोयस ना? (आमच्या वेळी ती चौथीला आणि सातवीला असायची, मध्यंतरी ती पाचवी-आठवीला गेली.) मग पेन खाली ठेव आणि आधी संख्या नीट बघ. 6, 8, 12, 24, 36 अशी रांग दिसली की पोरं लगेच उभी मांडणी करायला धावतात. अरे, 6, 8 आणि 12 तर 24 च्या पोटातच आहेत. खोडून टाक. उरले 24 आणि 36. छत्तीसचा पाढा म्हण: 36, 72. बहात्तरला चोवीसने भाग जातो. सुटलं गणित.

8, 12, 15 असेल तर पंधराचा पाढा धर. साठला बाराने भाग जातो, आठने नाही. मग 75, 90 करत बसू नकोस, साठच्याच उड्या मार. 120 ला आठनेही भाग जातो.

संख्या अवजड असतील तर उभी मांडणी करायचीच, पण भागायचं फक्त मूळ संख्येने: 2, 3, 5, 7. घाई इथेच नडते. 8, 12, 18 घे. सहाने भागायचा मोह होतो, कारण 12 आणि 18 ला जातो. खाली येतात 8, 2, 3. मग दोनने 4, 1, 3. गुणाकार 144. चूक! खरा लसावि 72. आठमधला एक दोन सहाबरोबर निघायला हवा होता, तो मागेच राहिला. आणि तिन्हींना भाग जाईना म्हणून थांबायचं नाही. दोघांना जातोय तोवर भागत राहायचं, तिसरा तसाच खाली उतरवायचा.

लसावि गुणिले मसावि म्हणजे संख्यांचा गुणाकार, हे सूत्र दोनच संख्यांचं. 4, 6, 8 ला लावलंस तर 96 येईल; उत्तर आहे 24.

बाकीवाले प्रश्न हमखास येतात. 6, 8, 9 ने भागल्यावर दर वेळी 5 उरतात, तर लहानात लहान संख्या? त्यांचा लसावि 72, त्यात 5 मिळव, 77. (नुसता 5 सुद्धा बसतो म्हणा, पण तो पर्यायांत सहसा देत नाहीत.) बाक्या वेगवेगळ्या असल्या, समजा 4, 6, 7, तर घाबरू नकोस. किती कमी पडतात ते बघ: सगळीकडे दोनच. 72 मधून 2 वजा कर, 70.