पढतमूर्ख : नीतिशास्त्राच्या मूलभूत संकल्पना आणि ज्ञानशाखांचा अन्योन्यसंबंध

मराठीत ‘नीती’ हा शब्द दोन घरी नांदतो. राजनीती, कूटनीती, युद्धनीती या सामासिक शब्दांत त्याचा अर्थ इष्ट कार्य सिद्धीस नेण्याचे कौशल्य एवढाच आहे. ‘नीतिमान’, ‘अनीती’ या शब्दांत मात्र तोच शब्द कौशल्याचा नव्हे, तर योग्यायोग्यतेचा निवाडा करतो. कूटनीतीत निपुण असलेला पुरुष नीतिमान असेलच असे नाही, हे वाक्य मराठी भाषकाला मुळीच खटकत नाही. ‘नी’ म्हणजे नेणे या धातूपासून शब्द सिद्ध होतो. कोठे नेणे, हे धातू सांगत नाही.

या द्व्यर्थामुळे परिभाषेच्या प्रांतात बराच घोटाळा झालेला आहे. प्राचीन परंपरेत ‘नीतिशास्त्र’ म्हटले की राज्यव्यवहाराचे आणि लोकव्यवहाराचे शास्त्र अभिप्रेत असे. पंचतंत्रही याच अर्थाने नीतिशास्त्र होय. लोकमान्य टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथास ‘गीतारहस्य अथवा कर्मयोगशास्त्र’ असे नाव दिले. ‘नीती’पेक्षा ‘कर्म’ आणि ‘धर्म’ हे शब्द त्यांना आपल्या विषयास अधिक जवळचे वाटले. वामन मल्हार जोशी यांचा ‘नीतिशास्त्र-प्रवेश’ १९१९ चा. तेव्हापासून आजचा अर्थ पाठ्यपुस्तकांत रूढ झाला. तथापि पाठ्यपुस्तकात अर्थ ठरल्याने भाषेतला अर्थ ठरत नाही. म्हणून प्रस्तुत निबंधात नीतिशास्त्राच्या मूलभूत संकल्पनांचा शोध पाश्चात्त्य व्याख्यांपासून आरंभ न करता एका मराठी ग्रंथापासून घेण्याचे योजिले आहे.

हा ग्रंथ दासबोध. त्याची निवड करण्यास एक स्थानिक निमित्तही आहे. परंडा तालुक्यात सीना नदीच्या काठी डोमगाव येथे समर्थशिष्य कल्याणस्वामींचा मठ व समाधी आहे. कल्याणस्वामींच्या हातची मानली जाणारी दासबोधाची प्रत याच मठात जतन झाली आणि धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी १९०५ साली तिच्या आधारे ग्रंथ छापून प्रसिद्ध केला. पुढे परंडा गावातच हंसराजस्वामींनी वेदान्तपर ग्रंथरचना केली. हा मुलूख केवळ किल्ल्यासाठी ओळखला जावा असा नाही, एवढेच येथे सांगावयाचे.

दासबोधाच्या दुसऱ्या दशकातील पहिला समास मूर्खलक्षणांचा आहे. आपण तो लहानपणापासून विनोदाने ऐकत आलो, त्यामुळे त्याच्या रचनेकडे आपले दुर्लक्ष झाले. त्यातील लक्षणे एका मापाची नाहीत. ज्याचे दात, डोळे, हात, वस्त्र नेहमी मळलेले असतात तो मूर्ख. सामर्थ्य नसता सत्ता गाजवू पाहतो तो मूर्ख. सासऱ्याच्या घरी राहतो तो मूर्ख. कूळ न पाहता सोयरीक करतो तो मूर्ख. आणि उपकाराची फेड अपकाराने करतो तोही मूर्खच. सर्वांना एकच शिक्का. परंतु वाचक थोडा थांबला तर त्याला या यादीचे पदर सहज वेगळे करता येतात. पहिले लक्षण शिष्टाचाराचे आणि आरोग्याचे आहे. दुसरे व्यवहारचातुर्याचे आहे. ते मोडणाऱ्याचे स्वतःचेच नुकसान होते. तिसरे आणि चौथे त्या काळच्या कुटुंबसंस्थेची व जातिव्यवस्थेची रूढी सांगतात. कूळ न पाहता विवाह करणे हे आज आपण मूर्खपणाचे तर मानत नाहीच, कित्येकदा धैर्याचे मानतो. पाचवे लक्षण मात्र शुद्ध नैतिक आहे. काळ बदलला, कुटुंब बदलले, तरी कृतघ्नतेला कोणी सद्गुण म्हटलेले नाही.

शिष्टाचार, व्यवहार, रूढी आणि नीती यांचा हा भेद म्हणजे नीतिशास्त्राची पहिली पायरी होय. या भेदाचे गमक कोणते? रूढीविषयी ‘असे का?’ हा प्रश्न विचारला की ‘असेच चालत आले’ हे उत्तर पुरते. नैतिक नियमाविषयी ते पुरत नाही. तेथे कारण द्यावे लागते, आणि ते कारण ऐकणाऱ्या कोणासही, निदान तत्त्वतः, पटण्याजोगे असावे लागते. गोपाळ गणेश आगरकरांचा ‘सुधारक’ १८८८ साली निघाला. त्यात सोवळेओवळे, केशवपन, बालविवाह यांवर जो वाद पेटला त्याचे तात्त्विक सार हेच होते. आगरकरांनी जुन्या नीतीच्या जागी नवी नीती आणली, असे ढोबळपणे म्हटले जाते. माझ्या मते त्यांनी जे नीती म्हणून मिरवत होते त्यातले बरेचसे रूढीच्या कप्प्यात नेऊन ठेवले.

आता भाषेचे एक अंग पाहू. मराठी व्याकरणात क्रियापदाचे स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ असे अर्थ मानले आहेत. मूर्खलक्षणांचा समास जवळजवळ सर्वस्वी स्वार्थात आहे. अमुक करतो तो मूर्ख, हे वर्णन झाले. लगेच पुढचा समास उत्तमलक्षणांचा, आणि तेथे भाषा पालटते. विचारल्यावाचून वाट धरू नये, पडलेली वस्तू एकाएकी उचलू नये, अशी ‘नये’ची रांग लागते. म्हणजे वर्णनाकडून विधिनिषेधाकडे संक्रमण झाले. डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाने १७३९-४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात तक्रार केली होती, की नीतीवर लिहिणारे ‘आहे’ म्हणता म्हणता केव्हा ‘असले पाहिजे’ म्हणू लागतात ते कळत नाही. मराठीत हे संक्रमण लपवणे कठीण आहे. प्रत्यय बदलावा लागतो आणि कान तो टिपतो. समर्थांनी तर दोन समासांत दोन अर्थ निरनिराळे ठेवले आहेत.

तरीही विध्यर्थ म्हटला की नीती आली असे होत नाही. ‘मधुमेह झालेल्याने साखर टाळावी’ आणि ‘घेतलेले कर्ज फेडावे’ ही दोन्ही वाक्ये विध्यर्थी आहेत. पहिल्यात ‘प्रकृती बरी राहावी असे वाटत असेल तर’ ही अट गृहीत आहे. दुसऱ्यात अशी अट नाही. सावकाराकडे पुन्हा जावयाचे नसले तरी कर्ज फेडावेच लागते. कांटने १७८५ मध्ये सापेक्ष आणि निरपेक्ष आदेश असा जो भेद केला तो हाच. निरपेक्ष कर्तव्य मानावयाचे तर कर्त्याला स्वातंत्र्य आहे हेही मानावे लागते, कारण ज्याला अन्यथा करणे शक्यच नव्हते त्याला दोष देता येत नाही. कृत्याचे मोल हेतूवरून करावे की परिणामावरून, हा वादही येथेच उपस्थित होतो. तो सर्व पाठ्यपुस्तकांत सविस्तर असल्याने येथे विस्तार करीत नाही.

निबंधाचा खरा मुद्दा याच दशकाच्या दहाव्या समासात आहे. पहिल्या समासात समर्थांनी वाईट वागणाऱ्यास ‘पापी’ न म्हणता ‘मूर्ख’ म्हटले, ही साधी गोष्ट नव्हे. दुर्वर्तनाचे मूळ अज्ञानात आहे, शहाणपण आले की वर्तन सुधारेल, असा त्याचा ध्वनी निघतो. सॉक्रेटीसचे मतही असेच होते. ज्ञान हाच सद्गुण. जाणूनबुजून कोणी वाईट करीत नाही. परंतु दहाव्या समासात समर्थ ‘पढतमूर्ख’ उभा करतात आणि हे समीकरण स्वतःच मोडतात. हा मनुष्य बहुश्रुत आहे, ब्रह्मज्ञान स्वच्छ बोलतो, आणि तरीही दुराशा व अभिमान सोडीत नाही. स्वतः न वागता इतरांस शिकवतो. ग्रंथ समग्र पाहिल्यावाचून त्यास दूषण देतो. (शेवटचे लक्षण आम्हा समीक्षकांसाठीच लिहिले असावे.)

ॲरिस्टॉटलने सॉक्रेटीसच्या मताचे खंडन करताना अशाच मनुष्याचा विचार केला आहे. जाणत असूनही वासनेपुढे हरणारा असंयमी पुरुष मद्यप्याने एम्पेडोक्लीसची पदे म्हणावीत तसा, किंवा नटाने भाषण करावे तसा, नीतिवचने बोलतो असे तो म्हणतो. साम्य विलक्षण आहे, पण भेद अधिक महत्त्वाचा. ॲरिस्टॉटलच्या असंयमी पुरुषाला मागाहून पश्चात्ताप होतो. त्याचे ज्ञान दुबळे असले तरी जिवंत असते. पढतमूर्खास पश्चात्ताप नाही. त्याचे ज्ञान त्याच्या अभिमानाची चाकरी करते. इतरांचे उणे पाहण्यासाठी तो ते वापरतो. पहिल्याच्या ठायी वासना ज्ञानावर मात करते, दुसऱ्याच्या ठायी ज्ञानच दोषाचे साधन होते. ही संकल्पना नीतिशास्त्राच्या मराठी परिभाषेत मानाने बसावी अशी आहे. शालेय धड्यातील गमतीचा शब्द म्हणून ती वाया गेली.

नीतिशास्त्राचा इतर ज्ञानशाखांशी संबंध कोणता, हा प्रश्न या संकल्पनेच्या प्रकाशात वेगळा दिसतो. मानसशास्त्र, समाजशास्त्र, अर्थशास्त्र, वैद्यक ही सर्व ‘आहे’ सांगतात आणि नीतिशास्त्र ‘असावे’ सांगते, ही सर्वपरिचित मांडणी चूक नाही. पण ती अपुरी आहे. आपल्याच भागातील एक उदाहरण घेऊ.

२०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. सुमारे ८२ हजार स्त्रियांची पाहणी झाली आणि त्यांतील १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. परंडा-भूम भागातूनही दरवर्षी दिवाळीच्या सुमारास बैलगाड्या आणि ट्रॅक्टर तोडीला निघतात, म्हणून हा प्रश्न आपणास परका नाही. अर्थशास्त्र येथे उचल कशी मिळते ते सांगते. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, आणि एका दिवसाचा खाडा झाला तर दंड कापला जातो. समाजशास्त्र बालविवाह आणि लवकर आलेले बाळंतपण दाखवते. वैद्यक सांगते की फडावर पाणी नाही, शौचालय नाही, म्हणून जंतुसंसर्ग होतो, आणि अल्पवयात ही शस्त्रक्रिया केल्यास तिचे दूरगामी दुष्परिणाम होतात. कर्करोगाची भीती घालून शस्त्रक्रियेस राजी केल्याच्या तक्रारीही पुढे आल्या. कायदा संमतिपत्रावर अंगठा आहे की नाही ते पाहतो.

या माहितीवाचून नैतिक निवाडा आंधळा ठरेल. स्त्रीने ‘स्वेच्छेने’ संमती दिली असे म्हणणारा जर खाड्याचा हिशेब जाणत नसेल, तर त्याला स्वेच्छा या शब्दाचा अर्थच कळलेला नाही. वर ज्या स्वातंत्र्यास आपण कर्तव्याची पूर्वअट म्हटले, ते फडावर किती उरते हे अर्थशास्त्रच सांगू शकते. उलट बाजूने, ही सर्व शास्त्रे एकत्र केली तरी ‘हे थांबले पाहिजे’ हे वाक्य त्यांतून निघत नाही. शस्त्रक्रिया करणाऱ्यास शरीरशास्त्र अवगत होते. त्याच्या शास्त्रात काही उणे नव्हते. अनावश्यक शस्त्रक्रिया जाणूनबुजून करणारा प्रत्येक जण शब्दशः पढतमूर्ख आहे. आपण त्याला निष्णात म्हणतो, ही आपल्या भाषेची सोय झाली.

कायद्याशी असलेला संबंध थोडा निराळा आहे, कारण कायदाही विध्यर्थातच बोलतो. त्याचा विध्यर्थ दंडाच्या आधाराने उभा असतो. डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बोलताना ग्रीसचा इतिहासकार ग्रोट याचा दाखला देऊन संविधानिक नीतीचा विचार मांडला. ही वृत्ती निसर्गतः येत नाही, ती जोपासावी लागते, असे त्यांचे प्रतिपादन होते. संविधानाचा शब्द न मोडता त्याचा आशय मोडता येतो, ही भीती त्यामागे होती. संविधान तोंडपाठ असणारा पढतमूर्ख त्यांच्या नजरेसमोर होता, असे म्हटल्यास वावगे होऊ नये. धर्माशी असलेल्या संबंधाबाबतही त्यांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या १९५७ साली, म्हणजे मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात नीतीला धर्माचे उपांग न मानता धम्माचे सारसर्वस्व मानले. समर्थांच्या आणि त्यांच्या भूमिकांत अंतर फार मोठे आहे. ते येथे मिटवण्याचा हेतू नाही.

राहता राहिला साहित्याशी संबंध. टिळकांनी गीतारहस्यातील ‘कर्मजिज्ञासा’ या प्रकरणात अर्जुनाच्या बरोबरीने शेक्सपीअरच्या हॅम्लेट आणि कोरायोलेनस या नाटकांची उदाहरणे दिली, ही गोष्ट लक्षणीय आहे. दोन कर्तव्ये परस्परांवर आदळतात तेव्हा काय होते हे व्याख्येने दाखवता येत नाही. त्यासाठी मनुष्य उभा करावा लागतो. वामनरावांचीही वाट तीच. त्यांची ‘रागिणी’ ‘नीतिशास्त्र-प्रवेशा’च्या आधीची, ‘सुशीलेचा देव’ (१९३०) आणि ‘इंदु काळे व सरला भोळे’ (१९३४) नंतरच्या. त्यांच्या कादंबऱ्यांत चर्चा फार, हा आक्षेप जुना आहे आणि तो पुष्कळसा खराही आहे. पण शेवटची कादंबरी पत्ररूप आहे, हे तो आक्षेप घेणारे सहसा जमेस धरीत नाहीत. पत्रात प्रत्येक जण आपली बाजू आपणच मांडतो. मांडताना तो काय जाणतो आणि कसा वागतो यांतील फट वाचकास दिसते, लिहिणाऱ्यास दिसत नाही. दासबोधातील दहावा समास ही फट बाहेरून, ‘तो’ म्हणून दाखवतो. कादंबरी ती आतून, ‘मी’ म्हणून दाखवते. हा समास आणि ही कादंबरी पदव्युत्तर वर्गात एकापाठोपाठ लावून पाहावीत. कोणत्या वाचनात विद्यार्थी हसतात आणि कोणत्या वाचनात गप्प बसतात, याची नोंद घेण्याजोगी आहे.